मळलेली वाट, बंद उतार

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. माणसं काल्पनिक आहेत. बर्फ, उतार, साधनं आणि मिनिटांचा हिशेब मात्र प्रत्यक्षात असतो तसाच ठेवला आहे. ठाणे-नवी मुंबईतून हिवाळ्यात गुलमर्गला स्की करायला जाणाऱ्या छोट्या गटांनी निघण्याआधी एकत्र बसून हे वाचावं आणि आपापसांत बोलावं, एवढ्यासाठी ते लिहिलं आहे.

गट आणि सामान

चौघं जण. पाचपाखाडीतली ताई आणि तिचा नवरा, ताईचा ऐरोलीत राहणारा धाकटा भाऊ आणि भावाचा घणसोलीचा मित्र. चौघांनाही डोंगराची सवय. येऊरचा मामा-भाचा, माहुली, पेब हे सगळं अनेकदा झालेलं. भाऊ आणि मित्र यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी गुलमर्गलाच चौदा दिवसांचा बेसिक स्की कोर्स केला होता. ताईने औलीला आठवडाभर शिकून घेतलं होतं. नवरा नवखा, पुढची टोकं जवळ आणून ‘व्ही’ करत सावकाश उतरणारा.

भाड्याने घेतलेलं सामान: हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचे बीकन चार, बर्फात खुपसायच्या घडीच्या काठ्या, म्हणजे प्रोब, दोन आणि धातूची फावडी दोन. पैसे वाचवायला ‘दोघांत एक सेट’ असं ठरलं. एक सेट ताईच्या पाठीवर, दुसरा भावाच्या. मित्राकडे फक्त बीकन. या एका निर्णयाची किंमत पुढे मिनिटांत मोजावी लागली.

त्या आठवड्याचा बर्फ

गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, ३,०८० मीटरच्या आसपास सोडतो. दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथे हवेचा दाब ठाण्याच्या साठ-बासष्ट टक्केच असतो. परवापर्यंत तीन हात नाक्यावर असलेला माणूस तिथे चार वळणं घेऊन धापा टाकतो, आणि दमलेला माणूस जवळची वाट शोधतो. चुकीचा निर्णय निम्मा तरी इथेच तयार होतो.

जानेवारीच्या शेवटी दहा दिवस निरभ्र आणि कडाक्याच्या थंडीचे गेले. अशा दिवसांत बर्फाच्या वरच्या थराचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते जाड साखरेसारखे सुटे, दाणेदार होतात. मुठीत घेतले तर गोळा होत नाही. त्यावर पश्चिमी विक्षोभ आला आणि दोन दिवसांत ४५ सेंटिमीटर नवा बर्फ पडला. सोबत वारा होता. वारा कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाच्या अंगावर टाकतो आणि नुसत्या हिमवर्षावापेक्षा दहापट वेगाने थर चढवू शकतो. असा दाबून बसवलेला थर एकसंध असतो. त्याला स्लॅबच म्हणतात, आणि ठाण्यातल्या जुन्या इमारतींत राहिलेल्यांना हा शब्द वेगळा समजवायला नको. खाली साखर, वर स्लॅब. वरून गुळगुळीत, पांढरं, सुंदर.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. सर्वांत जास्त धोक्याचे दिवस बरेचदा असेच असतात: वादळ सरलेलं, आकाश निळं आणि दोन दिवस हॉटेलात अडकलेली माणसं गोंडोलाच्या रांगेत.

दोरी कशासाठी होती

गुलमर्गमध्ये गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याखालचा मुख्य खोलगट उतार गस्तीपथकाच्या देखरेखीखाली असतो. हिमवर्षावानंतर पथक सकाळी तिथे सुरुंग लावून सैल थर आधीच पाडून घेतं, मग लोकांना सोडतं. आजूबाजूच्या घळी आणि उतारांवर हे काम होत नाही. त्या दिवशी दुसरा टप्पा सव्वाअकराला उघडला आणि फक्त मुख्य उतारापुरताच. कडेने दोरी लावलेली होती, दोरीवर भगव्या चकत्या आणि हिमस्खलनाच्या धोक्याची पाटी.

अनेकांना दोरी म्हणजे आपल्या कौशल्यावर घेतलेली शंका वाटते. ‘नवशिक्यांसाठी असेल, आपल्याला जमतं.’ दोरीचा तुमच्या स्की येण्या-न येण्याशी काही संबंध नाही. कुठपर्यंत आज सकाळी काम झालंय आणि कुठून पुढे झालेलं नाही, याची ती नोंद आहे. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ एकाच ढगातून पडलेला, दिसायलाही सारखाच. फरक फक्त एवढाच की अलीकडचा थर माणसं येण्याआधी पाडून पाहिलाय.

दोरीपाशी झालेलं बोलणं

दुपारी १२:४० वाजता चौघं उताराच्या कडेला थांबले होते. दोरीपलीकडे दोनशे मीटर आडवं गेलं की एक अस्पर्श वाटणारा उतार थेट कोंगडोरीकडे उतरत होता. त्यावर सहा जणांच्या स्कीचे ताजे चरे होते.

“ताई, दोनशे मीटरच आहे गं. खाली स्टेशन दिसतंय बघ.”

“पाटी लावलीय ना तिथे.”

“सकाळची असेल. सहा जण गेलेत की पुढे. भावोजी, तुम्ही आणि ताई इथूनच उतरा, खाली भेटू. परवा तर विमान आहे.”

ताई पुढे काही बोलली नाही. तिला पटलं नव्हतं, पण भावाला स्की तिच्यापेक्षा चांगली येते म्हणून ती गप्प राहिली. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, कारण यानंतरचं सगळं बर्फाच्या हातात होतं.

सह्याद्रीत वाट चुकली की आपण मळलेली वाट शोधतो. गवत तुडवलेलं दिसलं, कातळावर चुन्याचा बाण दिसला की जीव भांड्यात पडतो. ते बरोबरच आहे: ज्या कातळावरून शंभर माणसं गेली तो एकशेएकाव्या माणसालाही पेलतो. बर्फात हा नियम लागू होत नाही. स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. जाड भागावरून सहा जण गेले तर त्यांचं वजन खालच्या साखरेपर्यंत पोहोचतच नाही. सातवा माणूस चार मीटर बाजूने, जिथे थर पातळ आहे तिथून गेला की खालचा थर तिथे मोडतो आणि मोड एका क्षणात पूर्ण उतारभर पसरतो. आधीचे चरे एवढंच सांगतात की सहा जण वाचले. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याला बंदी असताना ‘आत माणसं आहेत ना’ म्हणून पुढे जाणारे हीच चूक करतात. तिथे आतल्या माणसांनी वरच्या ओढ्याचं पाणी पाहिलेलं नसतं.

उताराचा कोनही त्यांनी मोजला नाही. स्लॅब प्रकारची बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, त्यातही ३८च्या आसपास जास्त. डोळ्याचा अंदाज इथे फसतो, म्हणून एक ओळखीची खूण: सोसायटीच्या जिन्याची चढण साधारण ३० ते ३२ अंश असते. जिन्याइतका किंवा त्याहून उभा उतार दिसला की तो सरकू शकतो असंच धरायचं. स्कीची काठी बर्फावर उताराच्या दिशेने, वरून खाली अशी ठेवून तिच्यावर फोनमधला कोनमापक टेकवला की अर्ध्या मिनिटात आकडा मिळतो. हा उतार ३६ अंशांचा होता आणि मधोमध कासवाच्या पाठीसारखा फुगीर. अशा फुगवट्यावर स्लॅब आधीच ताणलेला असतो.

१२:४४ नंतरची पंचवीस मिनिटं

मित्र १२:४३ला पलीकडे पोहोचला. भाऊ फुगवट्यावर आला, तेव्हा पायाखालून ‘ढप्प’ असा बसका आवाज आला. वीसेक मीटर वर आडवी भेग पडली. सुटलेला तुकडा साधारण ३० मीटर रुंद, ४० मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर जाड. घनफळ ४८० घनमीटर. दाबलेला बर्फ घनमीटरला २०० किलो धरला तर ९६ टन, म्हणजे टीएमटीच्या नऊ-दहा रिकाम्या बस. त्याने भावाला नव्वद मीटर खाली नेलं. वाहताना बर्फ पाण्यासारखा असतो. थांबला की काही सेकंदांत घट्ट बसतो, गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही.

१२:४६पर्यंत तीन गोष्टी बरोबर झाल्या. मित्राने भाऊ शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत पक्की धरली आणि वरून आणखी थर सुटण्याची शक्यता पाहिली. ताई आणि नवऱ्याने आपापले बीकन लगेच शोध मोडवर टाकले. नाहीतर त्यांचेच सिग्नल मित्राच्या पडद्यावर आले असते. आणि नवऱ्याने गस्तीपथकाला फोन लावला. मित्राचं सिम प्रीपेड होतं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. तो एकटा असता तर मदत मागायची सोयच नव्हती.

शोध असा चालतो. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो. शेवटच्या दिसलेल्या जागेच्या खालच्या बाजूने, ढिगाऱ्यावरून नागमोडी जायचं. दोन पट्ट्यांतलं अंतर ४० मीटरपेक्षा जास्त नको. सिग्नल मिळाला की बाण दाखवेल तसं, पडद्यावरचा मीटरचा आकडा कमी होत जाईल तसं पुढे. आकडा तीनवर आला की वेग तोडायचा, बीकन बर्फाला टेकवायचा आणि आधी उभं, मग आडवं असं अधिकचिन्ह काढत सर्वांत लहान आकड्याची जागा पकडायची.

मित्राचा आकडा १२:४७पासून उड्या मारत होता: ३१, १८, ४०, २२. दोन मिनिटं तो भलत्याच दिशेने गेला. कारण त्याच्याच छातीच्या खिशात होतं. सिम बंद असलं तरी फोन चालू होता, आणि हेल्मेटवर कॅमेरा. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू बीकनमध्ये गडबड करते. पाठवण्याच्या मोडमध्ये ती बीकनपासून किमान २० सेंटिमीटर लांब हवी, शोधताना ५० सेंटिमीटर. त्याने फोन विमान मोडवर टाकून पाठीच्या पिशवीत ढकलला आणि बीकन हात लांब करून धरला. मग आकडे सरळ उतरले.

१२:५३ला सर्वांत लहान आकडा १.१. जागा सापडली होती, पण मित्राच्या हातात काहीच नव्हतं. प्रोब आणि फावडं गाडलेल्या माणसाच्या पाठीवर, त्याच्याबरोबर बर्फाखाली. ताई आपला सेट घेऊन थर सुटून गेलेल्या पट्ट्यातून खाली आली, तेव्हा १२:५४ झाले होते.

पुढची अडचण बारीक आहे, पण नेहमी होते. प्रोब फेकला की आतल्या तारेने त्याचे तुकडे एकमेकांत बसतात आणि तार ओढून बटणात अडकवायची असते. भाड्याचा प्रोब आदल्या रात्री ओलाच ठेवला होता. बटणात बर्फ गोठला होता, तार अडकेना, तिसऱ्या जोडापाशी काठी वाकत होती. ताईने हातमोजा काढून बटण मुठीत धरलं, तोंडाची वाफ दिली, तेव्हा ते बसलं. मग लहान आकड्याच्या जागेपासून भोवऱ्यासारखं बाहेर, दर २५ सेंटिमीटरवर, उताराला काटकोनात. चौथ्या खुपसण्याला ९५ सेंटिमीटरवर मऊ, दबणारा ठोका लागला. जमीन लागली तर ठोका कडक असतो. प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. तोच खणणाऱ्याचा खांब.

खणताना लोक प्रोबच्या डोक्यावरच सरळ खाली खणतात. मग खड्डा विहिरीसारखा होतो, बर्फ बाहेर फेकता येत नाही आणि आपण माणसाच्याच छातीवर उभे राहतो. खोलीच्या दीडपट अंतर उतारावरून खाली जाऊन, इथे साधारण १.४ मीटर, तिथून आडवं प्रोबकडे खणत यायचं. बर्फ उचलून फेकायचा नाही, बाजूला आणि मागे ढकलायचा. एक जण कापतो, दुसरा मागे ओढतो, दर मिनिटाला जागा बदलायची. एक मीटर खोलीला एक ते दीड टन बर्फ हलवावा लागतो. फावडं एकच असल्याने मित्र हाताने आणि स्कीच्या टोकाने मागचा बर्फ ओढत होता.

१३:०१ला चेहरा मोकळा झाला. सतरा मिनिटं. श्वास नव्हता, तोंडात बर्फ घट्ट बसला होता. ताईने तो बोटाने काढला, हनुवटी वर केली आणि तोंडाने पाच श्वास दिले. पाचव्यानंतर खोकला आला.

गस्तीपथकाचे दोघं १३:०९ला पोहोचले, पंचवीस मिनिटांनी. यात त्यांची कसूर काही नाही. वरचा उरलेला थर पाहूनच त्यांना आत शिरता येतं. नाहीतर गाडल्या गेलेल्यांत दोन जणांची भर पडेल. स्वित्झर्लंडच्या नोंदींवरून जीव वाचण्याचं प्रमाण पहिल्या दहा मिनिटांत नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं आणि अर्ध्या तासाला तीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. थंडीमुळे नाही, गुदमरल्यामुळे. म्हणूनच आम्ही म्हणतो की बाहेरून येणारी मदत माणसाला हॉस्पिटलात नेण्यासाठी असते. बर्फातून बाहेर काढायचं काम सोबत असलेल्यांचंच.

भावाचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि डाव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला होता. बूट स्कीला धरून ठेवणारं एक बाइंडिंग सुटलंच नव्हतं. अडकलेल्या स्कीने पाय पिळला. घसरगाडीने कोंगडोरी, गोंडोलाने खाली, मग सुमारे १३ किलोमीटरवर टंगमर्ग, तिथून पुढे श्रीनगर. ओले कपडे बदलून कोरड्या पांघरुणात गुंडाळायला मात्र विसरायचं नसतं, कारण माणूस बाहेर काढल्यावर गाडलेला असतानापेक्षा जास्त वेगाने गार पडतो.

मोजमाप चुकलं कुठे

ताईने सकाळी गोंडोलाच्या दारात चौघांचे बीकन एकेक करून तपासले होते: तीन जण पाठवतात, एक ऐकतो, मग उलट. मित्राने ‘काल केलं होतं की’ म्हटलं, तरी तिने केलं. भाऊ सापडला तो त्या दोन मिनिटांमुळे. गस्तीपथकाचा नंबरही तिनेच नवऱ्याच्या फोनमध्ये घालून ठेवला होता.

वाया गेलेली मिनिटंही मोजता येतात. फोनच्या गडबडीत दोन. फावडं आणि प्रोब येईपर्यंत एक. गोठलेल्या बटणापायी अर्धं. एकच फावडं असल्यामुळे खणण्यात निदान दोन-तीन. प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचा पूर्ण सेट आणि फोन विमान मोडवर असता, तर भाऊ अकराव्या-बाराव्या मिनिटाला मोकळा होता. तरीही हा हिशेब दुय्यम आहे. १२:४०ला ताईचं “पाटी लावलीय ना” हे वाक्य गटाने शेवटचं मानलं असतं, तर मोजायला मिनिटंच उरली नसती. गटात नियम असा हवा: एकानेही ‘नको’ म्हटलं की सगळ्यांचं नको, आणि कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की कमी अनुभव असलेला माणूस गप्प बसतो.

अनुभवावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला सरावावर असलेले लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर दगावले आणि २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. ही नवशिकी माणसं नव्हती.

बंद म्हणजे नेहमी हिमस्खलनच नाही

युरोपात जाणाऱ्यांनी आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा. संध्याकाळी लिफ्ट थांबल्या की गस्तीपथक शेवटची फेरी मारतं आणि उतार बंद होतो. त्यानंतर उभ्या उतारांवर बर्फ सपाट करणारी यंत्रं वर खुंटाला बांधलेल्या पोलादी तारेच्या आधाराने चढतात. ही तार करंगळीएवढी जाड, हजार मीटरपर्यंत लांब, आणि तिच्यावर चार टनांपर्यंत ताण असतो. ती बर्फात दबलेली असते. यंत्र वळलं की झटक्यात कमरेच्या उंचीवर येते. संधिप्रकाशात दिसत नाही. ‘शेवटची एक फेरी’ म्हणून दोरी ओलांडणारा थेट तिच्यावर येतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बंद उतारावर जायला कायद्यानेच बंदी आहे, आणि मोडली तर दंड होतो.

विम्याचं एक वाक्य. भारतातल्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत साहसी खेळांची वगळणी ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांना लागू आहे. पण अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या अटी वेगळ्या असतात, आणि हिवाळी खेळांचं कव्हर बरेचदा खुणा केलेल्या, उघड्या उतारापुरतंच असतं. पॉलिसी काढून ते कलम निघण्याआधी वाचा.

ठाण्यात बसून करायची तयारी

बीकनचा सराव करायला बर्फ लागत नाही. सोसायटीच्या मैदानात किंवा उपवनच्या बाजूला सकाळी गर्दी नसताना एक बीकन चालू करून गोणपाटाच्या पिशवीत घाला आणि पालापाचोळ्याखाली लपवा. शोधणाऱ्याने पन्नास मीटरवरून, पाठ फिरवून सुरुवात करायची. पार्क केलेल्या गाड्या आणि विजेच्या डीपीपासून लांब राहा, तिथे आकडे बिघडतात. प्रोब जोडायला वीस सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुन्हा. हातमोजे घालूनच करा. खणण्याचा सराव बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर होतो; मालकाची परवानगी घेऊन एक मीटर खाली पोतं पुरा आणि दोघांनी दीडपट अंतरावरून खणत या. वाळू बर्फापेक्षा जड आहे, म्हणून वेळ जास्त लागेल, पण हात आणि पाठ कामाला लागतात.

फेब्रुवारीत निघायचं असेल तर हे डिसेंबरात सुरू करा, दर रविवारी तासभर. लक्ष्य एकच ठेवा: गटातल्या प्रत्येकाने, नवख्यानेही, एकट्याने पाच मिनिटांच्या आत लपवलेल्या बीकनवर प्रोब लावून दाखवायचा. ज्याला जमत नाही त्याच्याबरोबर मुख्य उताराबाहेर जायचं नाही, भले वाट उघडी असो आणि गाइड सोबत असो. प्रोब आणि बीकन रोज रात्री खोलीत पुसून वाळवा, सकाळी बॅटरीचा आकडा पाहा, हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवा. आणि पोस्टपेड सिम दोघांकडे तरी असू द्या, एकाच खिशात दोन नव्हे.